फाटकावरचं लाल मडकं

मी तसबीर बोलतेय, काचेवर रंगवलेल्या एका गावाची. माझ्यापुढे उभा राहणारा प्रत्येक जण आधी आपलं घर शोधतो, आणि मग शेजाऱ्याचं घर जास्त मोठं काढलंय का ते बघतो. म्हणून माणसांवर माझा फारसा भरवसा नाही.

मारामुरेशच्या डोंगरात तोआदेरबाबानं मला घडवलं. काच मागून रंगवायची, बारीक काम आधी आणि आभाळ सगळ्यात शेवटी. एकदा चुकलं की चुकलं. मला सावेतानं सांगून करून घेतलं होतं, कारण रविवारी गावरिला नावाच्या मुलाची आई सावेताच्या मुलीला, राफिलाला, बघायला येणार होती. "आमच्या फाटकावरचं लाल मडकं ठसठशीत काढा हं, बाबा," असं सावेतानं दोनदा बजावलं. आमच्याकडे फाटकालगतच्या झाडाच्या शेंड्यावर लाल मडकं दिसलं, की घरात लग्नाची मुलगी आहे हे गावाला कळतं.

मला भिंतीवर टांगलं, वर नक्षीचं फडकं घातलं, आणि सावेता किंचाळलीच. मडकं समोरच्या दोम्निकाच्या फाटकावर! दोम्निका म्हणजे चाळिशीची हसरी विधवा.

"काच उलटी रंगवतात गं, डावं-उजवं झालं असेल," बाबा पुटपुटला.

"मग ओढा बरा जागच्या जागी? चर्चचा मनोरा बरा जागच्या जागी? किती दारू पाजली हो तिनं तुम्हाला?"

झालं! दोम्निकाचा गावरिलावर डोळा आहे, हे सावेताच्या डोक्यात पक्कं बसलं. दोम्निकानं पाठवलेलं चीज तिनं कुत्र्यापुढे टाकलं. राफिला खाली मान घालून लोकर कातत बसली.

तिचा मला राग येत होता. मी बाबाच्या मेजावर अर्धीमुर्धी पडले होते तेव्हा हीच आली होती. "बाबा, आमच्या दारात मडकं काढू नका. मला नाही करायचं त्या गावरिलाशी लग्न."

"अगं, तुझ्या आईनं सांगितलंय. कुठंतरी काढायलाच हवं."

"मग काढा कुणाच्याही दारात!"

आता बिचारी दोम्निका बोलणी खात होती, आणि ही गप्प. गप्पच राहणार, अशी माझी खात्री होती.

रविवारी गावरिलाची आई माझ्यापुढे थबकली. "मडकं त्या बाईच्या दारात कसं?"

"अहो, ती बाई ना..." सावेतानं सुरुवात केली.

"मी सांगितलं बाबांना," राफिला उठून म्हणाली. "दोम्निकाकाकूला यातलं काही माहीतही नाही." ती बाहेर गेली, काठीनं खरं मडकं उतरवलं, आणि आणून पाहुण्यांच्या ताटांच्या मधोमध ठेवलं.

पाहुणे जेवण अर्धवट टाकून गेले. त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. पोरीला कुणी फितवलं, याचा शोध सावेता अजून घेतेय. कधी तिला दोम्निकाचा संशय येतो, कधी बाबाचा, कधी माझासुद्धा. बाई गं, मला खुशाल फोड, पण एकदा राफिलाला जवळ घेऊन विचार! सगळ्या गावावर संशय घेऊन झाला. पोरीला स्वतःचं मन असेल, एवढी एकच शंका हिला अजून आलेली नाही.