दाराचं काम शेवटी

शेजारची शिंपीण बहिणीकडे कायमची राहायला निघाली आणि आपल्या चार कोंबड्या मिस्त्रीच्या बायकोच्या गळ्यात मारून मोकळी झाली. गळ्यात मारल्या असं आपण म्हणायचं. खरं तर हिनंच हट्टानं मागून घेतल्या. "पुढच्या आठवड्यात शनिवारी आणून सोडते, तोवर खुराडं तयार ठेवा," असं शिंपीण म्हणाली. मागच्या अंगणात मांजरांचा सुळसुळाट, तेव्हा खुराड्यावाचून भागणार नव्हतं. ते विकत आणायचं की घरी करायचं, एवढंच ठरायचं होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात हे चहा निवायच्या आत ठरलं असतं. या घरात त्याला दोन दिवस लागले.

"हे बघ आई, तयार मिळतं," लेक मोबाइलवरची चित्रं पुढे सरकवत म्हणाली. "सुटे भाग घरी येतात. आपण नुसते स्क्रू पिळायचे."

"किंमत पाहिलीस का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"किंमत मी देते. बाबांच्या हातात आता करवत द्यायची नाही."

"घरात मिस्त्री असताना खुराडं विकतचं आणू? लोक तोंडात शेण घालतील."

लोकांचं नुसतं निमित्त होतं, हे लेकीलाही कळत होतं. चाळीस वर्षं ज्याला सगळी वस्ती मिस्त्री म्हणून ओळखायची, तो गेल्या सहा महिन्यांत दोनदा घर चुकला होता. एकदा तर मोजायची टेप घेऊन तो वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या दुकानाच्या फळ्या मोजायला गेला. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था लेकीनं पाहून ठेवली होती, तिथं एक तारखेला एक खाट रिकामी होणार होती. लेक वाईट नव्हती हो, आईची रोजची फरफट तिला बघवत नव्हती इतकंच.

"खुराडं ते करतील," आई म्हणाली. "धड करून दाखवलं, तर त्या खाटेचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"मग तू म्हणशील तसं."

बोलून गेली खरी. पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडवीत जुन्या कपाटाच्या फळ्या काढून ठेवल्या आणि हत्यारांची पेटी उघडली. मिस्त्रीनं रंधा हातात घेतला, पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "याला धार कोण लावणार, तुझा बाप?" सहा महिन्यांत त्यानं तिच्या बापाचा उद्धार केला नव्हता. तिला इतकं बरं वाटलं, की आत जाऊन ती उगाचच भांडी घासत बसली.

मग आठ दिवस पडवीत भुशाचा वास होता. तो जेवताना कोणता घास तोंडात गेला ते विसरायचा, दुपारी तिलाच विचारायचा, "तुम्ही कुणाकडच्या?" पण हातात पटाशी आली, की खाच बरोबर हवी तिथंच पडायची. एकही खिळा नाही. सांध्यात सांधा असा बसवायचा, की मध्ये कागद सरकू नये. बसायला आत दोन आडव्या काठ्या, पुढे वाऱ्यासाठी बारीक पट्ट्यांची जाळी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ ती डोळे भरून बघत होती.

गुरुवारी लेक आली. खुराड्याभोवती फिरली आणि हळूच म्हणाली, "आई, याला दार कुठंय?"

आई हसली. किती दिवसांनी हसली असेल. "सुताराची पोर ना तू? तुझ्या बाबांची रीतच आहे ती. आधी पेटी सगळीकडून बंद करायची आणि मग तिच्याच अंगातून दार कापून काढायचं. म्हणजे फळीच्या रेषा जुळतात, दार उपरं वाटत नाही. दाराचं काम नेहमी शेवटी."

लेक खजील झाली. जाताना बाबांच्या पाठीवरून हात फिरवून गेली, खाटेचा विषयही काढला नाही.

शुक्रवारी दुपारी पडवीतून हाक आली. "पॉलिशला घे गं."

ती दारातच थबकली. लग्न झाल्यापासून त्याच्या प्रत्येक कामाला पॉलिश तिनं केलेलं. काम पुरतं झाल्याशिवाय त्यानं ही हाक कधी मारली नव्हती. हाक आली म्हणजे आता त्या लाकडाला सुताराचा हात लागायचा नाही.

"अहो, आणि दार?"

"कसलं दार?"

"कोंबड्या आत कशा जाणार?"

त्यानं खुराड्याला एक फेरी घातली. मग दुसरी घातली. तिसऱ्या फेरीला तो कोपऱ्याशी थांबला, कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. "मालकांना विचारून ये," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनी दाराचं काही सांगितलं नव्हतं."

तिनं त्याला आत नेऊन निजवलं, त्याला झोप लागेपर्यंत उशाशी बसून राहिली. मग पडवीत येऊन तिनं करवत उचलली. पॉलिशचा बोळा फिरवणारे हात तिचे, करवत कधी धरलेली नाही. पातं अडकत होतं, फळी किंचाळत होती, रेघ डावीकडे पळत होती. देवाला आणि लेकीला मनातल्या मनात शिव्या घालत, रडत, नाक पुसत तिनं ते भोक पाडलं आणि निघालेला तुकडा दोन बिजागऱ्यांवर कसाबसा टांगला. हाताला फोड आले. शनिवारपुरतं निभावलं की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी शिंपीण कोंबड्यांची टोपली ठेवून डोळे पुसत गेली. लेकही आली होती. वाकड्या दाराकडे बघत ती म्हणाली, "बाबांनी केलं?"

"मग आणि कुणी? दार जरा तिरकं गेलं, वय झालं आता."

इतक्यात मिस्त्री स्वतःच अंगणात आला. खुराड्यापाशी उकिडवा बसला आणि एकेका सांध्यावरून बोट फिरवू लागला. त्याचा चेहरा उजळला होता.

"कारागीर कसलेला आहे," तो म्हणाला. "असे सांधे आता कुणी घालत नाही." मग बोट दाराशी आलं आणि थांबलं. "दार मात्र दुसऱ्या कुणीतरी फाडलंय. चांगल्या कामाचं वाटोळं केलं. कितीला घेतलंत हो?"

लेकीनं आईकडे पाहिलं, मग आईच्या तळहातावरच्या फोडांकडे. बाजू सावरायला एखादं वाक्य आईला अजूनही सापडलं असतं. तसली वाक्यं सहा महिन्यांत तिनं कमी का जुळवली होती? पण तो मान वर करून उत्तराची वाट बघत होता.

"स्वस्तात मिळालं," ती म्हणाली.

"मग फसला नाहीत," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा सांधे चाचपू लागला.

ती टोपलीपाशी बसली, एकेक कोंबडी उचलून त्या वाकड्या दारातून आत सोडली. चौथी आत गेल्यावर तिनं कडी लावली आणि लेकीकडे न बघताच म्हणाली, "त्या खाटेचं हो म्हणून कळव."