चौथ्या कडव्याचा कवी कोण?

मी चौथं कडवं बोलतोय. आमच्या गाण्यातली पहिली तिन्ही कडवी सभ्य, कवीचं नाव मिरवणारी. माझ्याखाली मात्र जुन्या पुस्तकात 'अज्ञात' असं छापलं होतं. हजेरीपटावर नाव नसलेल्या पोरासारखं वाटायचं हो.

पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात आमचं छोटं चर्च आहे. पिकं घरी आली की उपकारस्तुतीचा सण होतो. कुणी ज्वारी, कुणी तूर, कुणी कोंबडी घेऊन दारापासून वेदीपर्यंत चालत येतं आणि तेवढा वेळ आमचं गाणं चालतं. त्यात मी असा:

अळी बोंडात, पाप मनात,
दोन्ही काढून टाक रे देवा;
वाट लांब, ओझं भारी,
थोडा वेळ थांब रे देवा.

बीटी कपाशी आली आणि माझे दिवस फिरले. बोंडं स्वच्छ निघू लागली. "अळीच नाही राह्यली, तं हे कडवं काऊन गाऊन राह्यलो आपण?" असं म्हणून पेटीवाला दयाराम तिसऱ्या कडव्यालाच भाता मिटायचा. मला फार राग यायचा त्याचा.

तशात नवं गीतपुस्तक काढायचं ठरलं. कवी सापडला नाही तर चौथं कडवं गाळायचं. शोधाचं काम निवृत्त मुख्याध्यापक भगवंतरावांकडे आलं. ते माझ्यावर भलतेच खूश. 'थोडा वेळ थांब' म्हणजे न्यायाचा दिवस पुढे ढकलण्याची विनंती, हे त्यांनी दोन प्रवचनांत सिद्ध केलं. एवढा खोल कवी परदेशीच असणार, म्हणून जुन्या पाद्र्यांच्या थडग्यांवरचं शेवाळ खरवडून आले. गावात विचारावं तर ज्याचा त्याचा आजा कवी. त्यातला एक आजा तर जन्माचा मुका होता.

बायकांना त्यांनी विचारलंच नाही. मला सगळं माहीत होतं, पण कुणी गायल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली. सणाला बहुतेक लोक रिकाम्या हातांनी आले. म्हाताऱ्या रुक्मिणीबाईंनी मात्र वेचून वेचून जमवलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. तीन कडवी संपली, दयारामनं भाता मिटला, आणि बाई अजून मधल्याच बाकाशी. सगळ्यांच्या माना वळल्या. मग बाईंनी स्वतःच मला गायला घेतलं. मी संपलो तरी वेदी येईना, तेव्हा त्यांनी चालता चालता पाचवं जुळवलं:

आली रे आली, जवळच आली,
पेटी नको थांबवू देवा.

गाठोडं खाली टेकल्यावर भगवंतरावांनी हळूच विचारलं, "रुक्मिणीबाई, चौथंही तुमचंच का?"

"हाव. तवाही गाठोडं जड होतं. गाणं आधीच सरलं, अन् सारे माह्याकडे पाहून राह्यले होते."

"मग इतके दिवस बोलल्या काऊन नाही?"

"तुम्ही कवी धुंडून राह्यले होते, गुरुजी. मले कोनं इचारलं?"

भगवंतरावांची दोन्ही प्रवचनं वाया गेली. पण माणूस सरळ. "तुमच्या नावानं छापतो," म्हणाले.

"नाव कायले? गाठोडं जड होतं, थे लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. नव्या पुस्तकात माझ्याखाली 'रुक्मिणीबाई (गाठोडं जड होतं म्हणून)' असं छापलंय. पाचवं, माझं धाकटं भावंड, सारखं माझ्या पायात पायात करतं, पण मी खूप सुखात आहे. तुम्ही कधी मला गायलात तर एवढंच करा, घाई करू नका. कुणीतरी अजून चालत असतं.