जयसिंगचं चेकिंग

कासारवाडीतल्या एका औषध कंपनीत जयसिंग पॅकिंग खात्यात चेकर होता. पट्टीत गोळी आहे ना, फुटली-बिटली नाही ना, एवढं बघायचं आणि पट्टी पुढं ढकलायची. वर्षानुवर्षं हे काम केल्यावर माणसाला चष्मा लागतो. जयसिंगला चष्म्याबरोबर डॉक्टरकीही लागली. चाळीत कुणाचं पोट दुखलं, कुणाला खाज सुटली, की आधी जयसिंगचं दार. "ही आमच्याच लायनीवरची," असं म्हणत तो गोळी उजेडात धरायचा, आणि रोग्याला तेवढ्यानंच निम्मं बरं वाटायचं. उरलेलं निम्मं वाटलं नाही तर माणूस दवाखान्यात जायचा आणि खापर दवाखान्यावर फुटायचं.

घरचं दुखणं मात्र उजेडात धरण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या मुलीच्या वेळी त्याच्या बायकोची, नीलाची, गर्भपिशवी फाटली होती. कुटुंबनियोजन केंद्रातल्या शैलाबाई डॉक्टरांनी जयसिंगला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं.

"पिशवी शिवलीय, पण ती आता जुन्या गोणीसारखी झालीय. पुन्हा दिवस गेले तर बाई वाचायची नाही. तिला आत्ता आणखी एक ऑपरेशन झेपणार नाही. तुमचंच करून टाका. दुपारी यायचं, संध्याकाळी घरी."

जयसिंगनं मान हलवली. घरी आल्यावर त्याची आई गोजाबाई कडाडली, "माझ्या पोराला चाकू लावायचा न्हाई! जड काम हाय त्याचं कंपनीत. कंबर गेली तर घालणार कोण खायाला?"

जयसिंग कंपनीत पट्ट्यांपेक्षा जड काही उचलत नव्हता. पण आईला उलट बोलायचं नाही, हा संस्कार त्याला नेमका तेव्हा आठवला. आणीबाणीत साहेबलोक नसबंदीला माणसं शोधत फिरत होते, तेव्हाही तो तापाचं निमित्त करून चाकणला मावशीकडे जाऊन बसला होता. ताप आणीबाणीबरोबरच उतरला.

"दिवस न जायच्या गोळ्या असताना चाकू कशाला?" तो नीलाला म्हणाला. "औषधाच्या कंपनीतला माणूस मी. माझाच औषधावर विश्वास नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे नीलाला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या हे माहीत होतं. तरी ती गोळ्यांना तयार झाली, कारण दुसरं काही समोर नव्हतंच.

मग घरात चेकिंग सुरू झालं. जेवणं उरकली की नीलानं जयसिंगसमोर गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं, आणि तोंड उघडायचं.

"आ कर. जीभ वर."

नीला जीभ वर करायची. सुरुवातीला तिला हसू यायचं. "पास का रिजेक्ट?"

"पास," जयसिंग म्हणायचा. तो हसायचा नाही. लायनीवर हसत नाहीत.

दोन वर्षं एकही गोळी चुकली नाही. मग नीलाला खोकला लागला, संध्याकाळी अंग तापायला लागलं, आणि पिंपरी कॅम्पातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून क्षय सांगितला. इंजेक्शनं दिली, आणि त्यावेळी नवी असलेली तांबडी कॅप्सूल दिली. पट्टीवरचं नाव बघून जयसिंगचा चेहरा उजळला.

"अगं, ही आमचीच! माझ्याच हाताखालून गेली असंल."

बायकोला क्षय झाल्याचं दुःख त्याला होतंच. पण औषध ओळखीचं निघालं, याचं समाधान वेगळं. दुसऱ्या दिवशी नीला मोरीतून घाबरीघुबरी बाहेर आली. "अहो, लघवी तांबडी झालीय."

"व्हायलाच पाहिजे. रंग उतरला म्हणजे औषध अंगात भिनतंय."

हे मात्र खरं होतं. जयसिंगचं काही खरं निघालं की पुढचं सगळं खरं वाटायला लागायचं, ही नीलाची अडचण.

क्षयाची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नव्हती. चाळीत कळलं असतं तर नळावर नीलाची बादली लोकांनी वेगळी केली असती आणि पोरींशी कुणी खेळलं नसतं. म्हणून बाहेर "अशक्तपणाची ट्रीटमेंट" म्हणून सांगितलं गेलं. पुढच्या पट्ट्या आणायला दोघं केंद्रात गेली तेव्हा शैलाबाईंनी नीलाकडे निरखून बघितलं.

"वाळलीस गं. दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

शेजारी वजनकाट्यापाशी केंद्रातली आया सोजरबाई उभी होती. ती त्यांच्याच चाळीत राहायची, आणि तिच्या कानात पडलेलं रात्रीपर्यंत सगळ्या चाळीत पडायचं. नीलानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जयसिंग बोलला.

"काही नाही, बाई. आमच्या घरात औषध लागतच नाही."

वाक्य त्याला इतकं आवडलं, की परतताना वाटेत तो ते मनातल्या मनात पुन्हा म्हणाला.

पुढं नीलाची पाळी चुकली. "छातीच्या आजारात राहते," जयसिंग म्हणाला. मळमळायला लागलं. "कॅप्सूल उष्ण आहे." खोकला कमी झाला, गालावर थोडं मांस आलं, आणि पोटावरही. "बघ, गुण येतोय." असं करत करत पाचवा महिना लागला, तो गोजाबाईला दिसला.

"जयसिंगा, ही पोटुशी हाय."

"शक्यच नाही. मी स्वतः चेक केलंय रोज."

"मंग तू चेक न केल्यालं काय तरी आसंल," गोजाबाई सुपातले तांदूळ निवडत म्हणाली.

जयसिंग दोन दिवस नीलाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, ते असं.

"मागं जाऊन थुंकत होतीस?"

नीला भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"रोज तुमच्यासमोर आ केला. आता आणखी काय उघडून दाखवू?"

केंद्रात तपासणीसाठी बाटलीत लघवी आणायला सांगितली. शैलाबाईंनी बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा रंग कशाचा?"

सोजरबाई याही वेळी तिथंच होती. पण या वेळी नीला आधी बोलली. "टीबीची कॅप्सूल आहे, बाई. मागच्या वेळी मी सांगणार होते."

शैलाबाई खुर्चीवर बसल्या. "त्या कॅप्सूलनं यकृत दुप्पट जोरानं कामाला लागतं. तुझी गोळी अंगाला लागायच्या आतच ते मोडून टाकतं. गिळली काय नि फेकली काय, सारखंच. मला कळलं असतं तर गोळ्या बंद करून दुसरं साधन दिलं असतं."

"पण बाई, कॅप्सूल आमच्या लायनीवरची," जयसिंग म्हणाला. "तिच्यात खोट नसणार."

"खोट नाहीच. छाती सुधारलीय तिची. गोळीतही खोट नव्हती." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तुम्ही दोन्ही नीट तपासल्यात, जयसिंगराव. वेगवेगळ्या."

नीलानं सरळच विचारलं. "आता काय?"

"लवकर आली असतीस तर सोपं होतं. आता ठेवलं तरी पिशवी फाटणार, काढायला गेलं तरी भरवसा नाही. काढणं त्यातल्या त्यात बरं."

"मग काढा," नीला म्हणाली. "दोघी आहेत माझ्या घरी."

मोठ्या दवाखान्यात सकाळी तिला आत न्यायच्या आधी भूल देणारे डॉक्टर आले. दात बघायला त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. नीलानं आ केला, न सांगता जीभही वर केली, आणि तसंच जयसिंगकडे बघितलं. डॉक्टर पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "पास ना?"

ढकलगाडी आत गेली.

जुनी शिवण उसवली आणि रक्त थांबलं नाही. दुपारी त्याला आत बोलावलं, ते ओळख पटवायला.

चाळीनं सगळं रीतसर केलं. बादली वेगळी करायची गरज उरली नव्हती. महिना सरतो न सरतो तोच गोजाबाई म्हणाली, "पोरींना बघायला कुनी तरी पायजे. मावशीच्या नात्यात हाय एक." कुणी गोळी घेऊन दारात आलं, तरी जयसिंग ती आता उजेडात धरायचा नाही, नुसती परत द्यायचा.

हिवाळ्यात कंपनीच्या आवारात नसबंदीचं शिबिर लागलं. येणाऱ्याला एक स्टीलचा डबा मिळणार होता. लायनीवरचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, "जा की राव, डबा चांगला आहे." गेलं कुणीच नाही. दुपारच्या सुट्टीत जयसिंग उठला आणि तंबूत जाऊन बाकावर बसला.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?" कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं.

"परवा सर्दीची गोळी घेतली होती, एक. गेल्या आठवड्यात खोकल्याचं बाटलीतलं, दोन चमचे. डोक्याला बाम."

"बामचं राहू द्या. मुलं?"

"दोन मुली."

"बायकोची संमती लागेल. सही नाहीतर अंगठा."

"ती वारली."

कंपाउंडरनं आता मान वर केली. बाहेर कुणीतरी डब्यावर टिचकी मारून आवाज ऐकत होतं.

"मग ऑपरेशन कशाला, भाऊ?"

"डॉक्टरीणबाईंनी करा म्हणून सांगितलं होतं," जयसिंग म्हणाला, आणि बाकावरून उठला नाही.