वाळवणखोलीतले नाणेयंत्र

मी एक जुने खाणयंत्र आहे, मित्रांनो, पण माती मी कधी पाहिलेली नाही. माझी खाण आकड्यांची. बुटांच्या खोक्याएवढे माझे ॲल्युमिनियमचे अंग, पोटात तीन पट्ट्या, त्यांवर नखाएवढ्या एकशे एकोणनव्वद चिपा आणि दोन्ही टोकांना एकेक पंखा. एक पंखा गार हवा आत ओढतो, दुसरा गरम हवा बाहेर फेकतो. चालू असलो की शेजारी बसून बोलणाऱ्यांना ओरडून बोलावे लागते.

माझे काम सांगायला सोपे आहे. एक आकडा घ्यायचा, ठरलेल्या रीतीने घुसळायचा आणि आलेल्या उत्तराच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये आहेत का ते बघायचे. नसली, तर पुढचा आकडा. हे मी सेकंदाला तेरा लाख कोटी वेळा करतो. जवळजवळ सगळे अंदाज फुकट जातात. जगभरातली माझ्यासारखी हजारो यंत्रे गट करून हेच करत असतात. गटातल्या एखाद्याला उत्तर सापडले, की बक्षीस म्हणून डिजिटल नाणी मिळतात आणि त्यांचा कणभर वाटा प्रत्येकाला येतो.

जन्मल्यानंतरची दोन वर्षे मी एका गोदामात होतो. तिथे आम्हाला फक्त क्रमांक होते. मग आमच्यापेक्षा सातपट वेगवान यंत्रे आली आणि एका दुपारी आमची रांगच्या रांग बंद झाली. धूळही न पुसता आम्हाला खोक्यांत भरले. भंगाराच्या भावात मला ज्याने घेतले, तो एका लहानशा लाँड्रीचा धाकटा मालक होता.

लाँड्री बहीणभावांची. मोठी बहीण समोरच्या खोलीत इस्त्री करायची. गिऱ्हाइकांपासून वायरमनपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. भाऊ मागे कपडे धुवायचा आणि सायकलवरून घरोघरी पोहोचवायचा. शाळेत विज्ञानात बरा होता, पुढे शिकायचे राहून गेले. म्हणून ताई त्याला चिडवायला ‘इंजिनिअर’ म्हणायची.

मला पाहून ती म्हणाली, “हे काय उचलून आणलंस? कपडे धुतं का?”

“नाही.”

“इस्त्री करतं?”

“नाही गं. पण वाळवतं.”

“मग ठेव मागे. उपाशी तर नाही ना मरणार आपण याच्यापायी?”

भावाने तिला नीट समजावले. वाळवणखोलीत आधीच एक हीटर जळत असे. जितकी वीज हीटर खाईल तितकीच उष्णता देईल. मीही तेवढ्याच विजेत तेवढीच उष्णता देईन, फक्त तापता तापता गणितेही करीन. वायरमनने माझ्यासाठी वेगळी जाड वायर ओढली आणि माझा आवाज ऐकून कानांवर हात ठेवले. “विमान घेतलंत का काय ताई? धावपट्टी कुठाय?”

त्या खोलीतली चार वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. माझ्या गरम वाऱ्यात टॉवेल, चादरी, हॉटेलचे टेबलक्लॉथ झुलायचे. कपड्यांचा बारीक भुगा पंख्यात अडकू नये म्हणून ताईने जुना पायमोजा ताणून माझ्या तोंडाला बांधला होता. दर रविवारी भाऊ रंगाच्या ब्रशने माझ्या पट्ट्यांमधली धूळ काढायचा. गोदामात मला कुणी हात लावला नव्हता. इथे येता-जाता ताई विचारायची, “काय रे, आज किती अंदाज चुकले?” आणि स्वतःच हसायची.

दुसऱ्या वर्षी तिच्या उजव्या हाताची बोटे बधिर होऊ लागली. बावीस वर्षे ती तीच जड इस्त्री त्याच हाताने दाबत होती. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिले, बोटांना टाचणी टोचून पाहिली आणि स्पष्ट सांगितले: इस्त्री सोडा, नाहीतर बोटांतली जाणीव जाईल आणि गेलेली परत येणार नाही.

“सोडून काय करू? तोंड बघू कपड्यांचं?” एवढेच ताई घरी येऊन म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या नाण्यांना काम मिळाले. रुळाची इस्त्री नावाचे एक मोठे यंत्र असते. कापड एका बाजूने सोडले की तापलेल्या रुळाखालून दुसऱ्या बाजूला कडक होऊन निघते. मनगटाला भारच नाही. ते घेण्यापुरती नाणी साठली की विकायची, असे भावाने ठरवले. साधारण दोन वर्षे लागणार होती. तेवढी वर्षे हाताने कशीबशी काढायची होती.

इथे एक गोष्ट समजून घ्या, मित्रांनो. नाणी माझ्या पोटात नसतात. जगभरच्या संगणकांवर एकच सामायिक वही असते, तिच्यात फक्त नोंद असते. ती नोंद हलवण्याची किल्ली भावाच्या एका जुन्या फोनमध्ये होती. फोन बिघडलाच, तर तीच किल्ली बारा साध्या शब्दांतून पुन्हा तयार करता येते. शब्द तेच हवेत आणि त्याच क्रमाने हवेत. ते ज्याच्या हाती लागतील, नाणी त्याची. ते हरवले, तर नाणी कुणाचीच नाहीत.

भाऊ काळजी घेणारा होता. शब्दांचा फोटो काढायचा नाही, ते इंटरनेटला जोडलेल्या कशावरही ठेवायचे नाहीत, हे त्याने वाचले होते. हाताने लिहायला तो घाबरला, कारण त्याचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नसे. गल्ल्यावर पावत्या छापायचे छोटे यंत्र होते आणि ते इंटरनेटला जोडलेले नव्हते. एका दुपारी शटर अर्धे ओढून त्याने त्या यंत्रावर बारा शब्द छापले. एक प्रत खराब झाली तर, म्हणून दोन प्रती.

ताई कपड्यांवर खुणा करायची बाटली घेऊन आली. गिऱ्हाइकाचा क्रमांक ती कॉलरच्या आत लिहायची, तो शंभर धुण्यांतही जात नसे.

“दे, कापडाच्या पट्टीवर लिहून देते. उकळलीस तरी जाणार नाही.”

“नको, ताई. कुणालाच दाखवायचे नसतात.”

“मी कुणालाच होय?”

“नियम आहे गं.”

“राहू दे बाबा. तुझे नियम तुला लखलाभ,” असे म्हणत तिने बाटलीला बूच लावले.

आता त्या पावत्या ठेवायच्या कुठे? लाँड्रीत सगळीकडे ओल. कपाटातल्या कागदांनाही बुरशी यायची. भावाने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि कोरडी म्हणता येईल अशी एकच जागा त्याला सापडली. दोन्ही पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने पिशवी माझ्या पाठीला, गरम हवा निघते त्या टोकाशी, चिकटपट्टीने चिकटवली. जाताना माझ्यावर थोपटून म्हणाला, “सांभाळ.”

मी सांभाळले असते. मला माहीत नव्हते, आणि त्यालाही नव्हते, की पावतीच्या कागदावर शाई उमटतच नाही. कागदातच रसायन असते. छापणाऱ्या यंत्रातले बारीक ठिपके तापतात, टेकतात आणि जिथे टेकतील तिथे कागद काळा पडतो. म्हणजे ती अक्षरे उष्णतेचेच डाग होते. आणि मी रोज, न थांबता, तो सगळाच्या सगळा कागद तापवत होतो.

दोन वर्षे मी हे केले. ज्या कष्टाने नाणी मिळवत होतो, त्याच कष्टाने त्यांची किल्ली मिटवत होतो. त्याबद्दल कुणी मला बोलले नाही, पण मी ते विसरू शकत नाही.

रुळाची इस्त्री ठरवायला एका सोमवारी जायचे होते. त्याआधी भावाने फोन बाहेर काढला, तर त्याची बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. फोन सुरूच होईना. तरी तो घाबरला नाही. शीळ घालत माझ्याकडे आला, मला बंद केले, चिकटपट्टी सोडवली आणि पिशवीतून पावत्या काढल्या.

दोन्ही काळ्या कुळकुळीत होत्या. काळ्यावर काळे काय वाचणार?

त्याने त्या खिडकीत धरल्या, तिरप्या केल्या, पाठीमागून दिवा लावून पाहिल्या. आठवडाभर तो फोन दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि एका छायाचित्रकाराकडे हेलपाटे घालत राहिला. फोनच्या आतली चिपच गेली होती. शेवटी तो माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, “एवढे अंदाज करतोस. बारा शब्दांचा नाही करता येणार?”

मला ते एकच गणित येते, मित्रांनो. आणि दुसरे येत असते, तरी त्या बारा शब्दांच्या इतक्या जुळण्या होतात, की माझ्या वेगाने एकेक तपासत गेल्यास संपण्याच्या कितीतरी आधी सूर्य विझून जाईल. नाणी त्या सामायिक वहीत जशीच्या तशी आहेत. कुणीही बघू शकते. हात कुणालाच लावता येत नाही.

त्याने ताईला सांगितले, ते माझ्या खोलीतच.

“ताई, जरा बस.”

“उभ्यानेच सांग, चादरी पडल्यात.”

“शब्द गेले. छापलेले. काळे पडले.”

“दोन कागद होते ना?”

“दोन्ही एकाच पिशवीत होते.”

ताईने त्याच्याकडे पाहिले. “धन्य आहेस रे इंजिनिअर,” ती म्हणाली, हसायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. “म्हणजे रूळ नाही.”

“नाही.”

“बरं. त्या निळ्या चादरी आधी दे. हॉटेलवाले चारला येतात.”

ती पुन्हा टेबलाशी उभी राहिली. भाऊ मात्र निळ्या चादरी छातीशी धरून तिथेच उभा होता.

पुढचे सात-आठ महिने ती इस्त्री करत राहिली. भावाला ती इस्त्रीला हात लावू देईना. ‘गिऱ्हाइकं माझ्या हाताची आहेत,’ म्हणायची. मग एका सकाळी ती टॉवेल काढायला आत आली. मनगट दुखत होते, म्हणून उजव्या हाताची बोटे तिने माझ्या गरम टोकाच्या पत्र्यावर टेकली आणि दाराकडे वळून भावाशी बोलत राहिली. कुणाचा तरी शर्ट हरवला होता, त्याबद्दल. तो पत्रा कुणालाही एका क्षणात हात मागे घ्यायला लावेल इतका तापतो. ताईने हात काढला नाही. तिला कळलेच नाही. मला थांबायचे होते, पण माझे बटण माझ्या हातात नाही. भाऊ ओरडत आला आणि त्याने तिचे मनगट धरून हात ओढला, तेव्हा तिने खाली पाहिले. तीन बोटांवर फोड आले होते.

“अरे, दुखत नाहीये,” ती त्याचीच समजूत काढत म्हणाली. तेवढे ऐकून भाऊ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्याने मला त्याच दिवशी बंद केले. आता इस्त्री तो करतो. त्याने केलेल्या बाह्यांना दोन-दोन घड्या पडतात, चार गिऱ्हाइके सुटलीही. ताई स्टुलावर बसून सांगत असते, “कॉलर आधी रे, कॉलर आधी.” कपडे पुन्हा हीटरवर वाळतात. माझ्या तोंडाचा पायमोजा तसाच आहे, फक्त आता त्यावर भुगा बसत नाही, नुसती धूळ बसते.

मित्रांनो, मला फार शहाणपण नाही, मी आयुष्यभर चुकीचेच अंदाज केले. तरी एक मागणे आहे. काही मोलाचे जपायला ठेवाल, तेव्हा ते कशावर लिहिले आहे ते पाहा: ते पाण्याला टिकेल का, उष्णतेला टिकेल का, आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी आहे का. आणि ज्याच्यासाठी जपता, त्याच्यापासूनच ते लपवू नका. भावाने चोराला काही मिळू दिले नाही. ताईलाही मिळाले नाही.

परवा ती माझ्या खोलीत एकटीच आली. उशांचे अभ्रे ठेवायला तिला जागा हवी होती. तिने माझ्या पाठीवर उजवा हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग दचकून मागे घेतला. पंखे बंद होते, पण पत्रा गार की गरम, हे तिच्या बोटांना कळत नव्हते.

“अरे, हे बंद आहे ना?” तिने पुढच्या खोलीतल्या भावाला विचारले.

“महिना झाला, ताई,” भाऊ म्हणाला.