वरच्या खोलीचं सिमेंट

शिंप्याचा हात म्हणजे कापड वाचवणारा हात. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यातून उरलेल्या तुकड्यात हा पठ्ठ्या बाळाचं झबलं बसवायचा. त्यामुळे सरकारनं झोपडीवाल्यांना जागा आणि सिमेंट देऊन ‘आता घर तुमचं तुम्ही बांधा’ म्हटलं, तेव्हा त्यानं तिथंही तेच केलं. शेजारच्या गवंड्याकडून शिकत नवरा-बायकोनं सुट्टीच्या दिवशी राबून एक खोली उभी केली, आणि आठ गोण्या वाचवल्या. पोरगा कमावता झाला की त्याला वर खोली! गोण्या खाटेखाली गेल्या.

बायकोचं मागणं एवढंसं. “अहो, स्वयंपाकाला ओटा करू या ना. दोन गोण्यांचं काम. ऊठबस करून गुडघे बोंबलतात माझे.”

“आणि वर कमी पडलं तर? जरा कळ काढ.”

तिनं सहा वर्षं कळ काढली. जमिनीवर बसून रांधायची, भिंतीला हात टेकून उठायची. त्या जागी पंजाचा काळा डाग पडला. शिंप्यानं दोनदा चुना मारला, तरी तो पुन्हा उमटला.

मग परगावी नोकरीला असलेल्या पोराचा फोन आला. “बाबा, वर काही बांधू नका. मी इथंच घर घेतलंय.”

संध्याकाळी शिंप्यानं गवंड्याला हाक मारली, “चल बाबा, ओटा करायचाय.” खाटेखालची पहिली गोणी फाडली. आत दगड. दुसरीतही दगड. आठच्या आठ दगड!

गवंड्यानं कपाळावर हात मारला. “शिंपीदादा, सिमेंट दोन-तीन महिन्यांत वापरायचं असतं. हे काय कापड आहे, घडी घालून ठेवायला? मला विचारायचं तरी!”

विचारलं असतं तर त्यानं एखादी गोणी उसनी मागितली असती, म्हणून तर विचारलं नव्हतं.

“उद्या नवीन आणतो,” शिंपी बायकोला म्हणाला. “उद्याच. शप्पथ.”

“राहू द्या हो,” ती खाटेवरून म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. “आता उभं तरी कुठं राहवतंय मला?”

त्या दिवशी स्टो त्यानं पेटवला. जमेल तसं शिजवलं. उठताना गुडघ्यात कळ आली आणि हात आपोआप भिंतीकडे गेला, नेमका त्या डागावर. त्याला रडूच फुटलं.

“चुकलं गं माझं.”

“मीठ घातलंत का?” तिनं विचारलं.