दक्षिणेकडचा कठडा

मित्रांनो, अरबांच्या मुलुखातल्या या फुजैराच्या डोंगरात गाडी थांबवून तुम्ही ज्याच्यासमोर फोटो काढता ना, तो जुना टेहळणीचा बुरूज म्हणजे मी. दगड, माती आणि खजुराच्या खोडांचा. खालच्या बागांत कुठे धूर दिसला, की माझ्यावरचा पहारेकरी ढोल बडवायचा आणि सारं गाव पाणी घेऊन धावायचं. माझ्या नजरेचा फार गर्व होता हो मला! पुढे बंदर झालं, तेलाच्या टाक्या आल्या, आणि मला कुणी विचारेना.

१९९७ साली माझी डागडुजी निघाली. तेव्हा मालवणकडचा तुकाराम गवंडी आला. माती कालवताना तो माझ्याशीच बोलत बसायचा. धाकट्या भावाला, विलासला, त्याने नऊ वर्षं पाहिलं नव्हतं. विलास जहाजावर खलाशी. एक दिवस घरून फोनवर विलासचा निरोप आला. येत्या शुक्रवारी विलासचं जहाज इथे तेल भरायला थांबणार होतं, पण खलाशांना उतरायची परवानगी नव्हती. दादाने बुरुजावरून लाल चादर हलवायची, विलासने आरशाने तीनदा उजेड पाडायचा. तेवढीच भेट.

शुक्रवारी तुकाराम नवा शर्ट घालून आला. एवढ्या लांबून शर्ट कोण बघतंय, वेड्या! तेलाचा धक्का उत्तरेला, म्हणून तिकडच्या जहाजांवर डोळे लावून तो चादर हलवत राहिला. पण त्या दिवशी एक जहाज दक्षिणेला नांगरलं होतं. त्या बाजूचा माझा कठडा तुकारामानेच आठवड्यापूर्वी पुरुषभर उंच बांधला होता. कठड्याच्या वर हलणारी चादर त्या जहाजावरून दिसत होती, तुकारामाला मात्र तिकडचा समुद्र दिसत नव्हता. दुपारी त्या जहाजावरून उजेड चमकला. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. अरे, मागे बघ रे! माझा जीव तीळतीळ तुटत होता. तासाभराने ते जहाज निघून गेलं.

"यल्ला, चलो तुकाराम, खलास! गाडी निकल रही है," ड्रायव्हर मोहिद्दीन खालून ओरडला.

"माझो भाव इलो नाय रे," तुकाराम म्हणाला आणि चादरीत तोंड खुपसून रडला.

दोन महिन्यांनी विलास जहाजावरच तापाने गेला. बातमी कळली त्या दिवशी तुकाराम माझ्या भिंतीला डोकं टेकून बसला होता. "माका इसारलो तो," एवढंच म्हणत होता. मग तो गावी गेला आणि परत आला नाही.

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, कचरा टाकू नका, हे सांगायला इथे फलक लावलाय. माझं मागणं वेगळं आहे. सुट्टीत मालवणकडे गेलात आणि तुकाराम गवंडी कुठे भेटला, तर एवढं सांगा त्याला. विलास आला होता. तुझी चादर त्याला दिसली होती.