चापाचे वजन

हेल्मीने रायफल उलटी करून फ्लॅनेलच्या तुकड्यावर ठेवली आणि चापाची चौकट धरून ठेवणारी पिन छोट्या हातोडीने अलगद बाहेर काढली. पिन टेबलावरून घरंगळत निघाली. समोर बसलेल्या आर्वोने ती अडवायला हात पुढे केला, मग मध्येच मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. पिन जमिनीवर पडली. हेल्मीने वाकून ती उचलली.

"चाप फार जड झालाय गं हिचा," आर्वो म्हणाला. "ओढता ओढता नळी हलते. असा करून दे, की नुसतं बोट टेकवलं की सुटली पाहिजे."

"चाप म्हातारा होत नाही, आर्वो."

"मग कोण होतं?"

"ते माझ्याच तोंडून ऐकायचंय का तुला?"

तो हसला. खिडकीबाहेर सरोवरावरून आलेले धुके अंगणापर्यंत पसरले होते. बर्चची झाडे कमरेपासून वरच तेवढी दिसत होती, आणि ती जमिनीत रुजलेली आहेत की पाण्यावर तरंगताहेत, हे सांगता आले नसते.

दोघांचा घटस्फोट होऊन इतका काळ लोटला होता, की गावात नव्याने आलेल्यांना ते भाऊबहीण वाटत. आर्वो सरोवराच्या पलीकडे राहायचा, हेल्मी अलीकडे, वडिलांकडून आलेल्या या दुकानात. हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की तो रायफल घेऊन यायचाच. बायको सुटली, बंदूकवाली सुटली नाही, असे तोच चारचौघांत सांगायचा.

तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापून पुढे ठेवला. आर्वोने कप उचलला नाही. तो कपापाशी वाकला आणि कडेला ओठ लावून प्यायला, जणू वास घेता घेता सहज प्यायला असावा.

"यंदा खोपटात कोण असणार तुझ्याबरोबर?" हेल्मीने विचारले.

"कार्लच. दुसरं कोण येतंय माझ्याबरोबर थंडीत कुडकुडायला?"

कार्ल त्याचा भाचा. शिकारीच्या त्या फळ्यांच्या खोपटात त्याला एका जागी बसवत नसे. दर थोड्या वेळाने तो बाहेर पडायचा, पुढच्या झुडपांत फेरी मारायचा आणि हाक न देता परत यायचा. हे हेल्मीला ठाऊक होते. तो रांगायला लागला तेव्हापासून ती त्याला ओळखत होती.

"ठेवून जा," ती म्हणाली. "बघते काय करता येतंय."

आर्वो गेल्यावर तिने रायफल पूर्ण खोलली. काजळी धुतली, थकलेली मोठी स्प्रिंग बदलली, दस्त्याच्या टोकाला धक्का पिणारे जाड रबर बसवले. ते सगळे सोपे होते. चापाची चौकट मात्र तिने शेवटपर्यंत बाजूला ठेवली.

या रायफलची जातच अशी, की एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने काडतुसाचे रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि दुसरी गोळी आपोआप नळीत येऊन बसते. शिकाऱ्याने फक्त बोट सैल सोडायचे आणि पुन्हा ओढायचे. थरथरणारे बोट दोन्ही गोष्टी आपणहून करते.

नाही म्हणावे, तर आर्वो दुसऱ्या कुणाकडे जाईल. हो म्हणावे, तर डोळ्यांपुढे झुडपातून परतणारा कार्ल उभा राहायचा, खांद्यावर दव पडलेले, ओठांवर शीळ.

धुके उठायचे नाव घेत नव्हते. दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक पुसला गेला होता. हेल्मी दिव्याखाली बसून चापाचे पाते तेलाच्या दगडावर घासत राही, आणि त्या बारीक आवाजात घरच दावे सुटलेल्या होडीसारखे कुठेतरी वाहत चालले आहे, असे तिला वाटे. त्या तंद्रीत तिला आर्वोचे हात दिसत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. डॉक्टर दूर, रस्ते बर्फाने बंद. आर्वोने तिला खिडकीपाशी बसवले, कागदाचे टोक निमुळते दुमडले आणि पापणीलाही धक्का न लावता कण उचलून घेतला. "झालं," तो म्हणाला होता. तिला वाटले होते, त्याने अजून सुरुवातच केली नाही.

तिने पाते उजेडात धरले. आरशासारखे झाले होते. मग तिने खणातून चापाची एक नवी स्प्रिंग काढून बसवली. ती जुनीपेक्षा बरीच कडक होती.

रायफल तयार झाली त्या दुपारी धुके विरळ झाले आणि हिमकण भुरभुरू लागले. हेल्मी स्वतःच्या गाडीतून आर्वोला खडीच्या जुन्या खाणीकडे घेऊन गेली. त्याची गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, असे तो म्हणाला होता. तिने मातीच्या उंच दरडीपाशी पुठ्ठ्याचे लक्ष्य उभे केले, परत येऊन बाकावर वाळूची पिशवी ठेवली आणि मॅगझिनमध्ये गोळी भरली.

"एकच?" आर्वोने विचारले.

"आधी एक."

"शाळेत घातलंस की काय मला?"

तरी तो गुमान बसला. नळी पिशवीवर टेकली, गाल दस्त्याला लावला. बराच वेळ काही झाले नाही. मग बार झाला आणि पुठ्ठ्यावर, मध्यापासून जरासे डावीकडे, भोक पडले.

"आता भर सगळ्या," तो म्हणाला.

हेल्मीने मॅगझिन भरून त्याच्या हाती दिले आणि त्याच्या बाजूला उभी राहिली. या खेपेला ती लक्ष्याकडे बघत नव्हती. बार झाला. टरफल तिच्या पायाशी पडले, बर्फात चुर्र झाले. दुसरी गोळी नळीत जाऊन बसल्याचा खटकाही तिने ऐकला. आर्वोचे बोट चापावर थरथरत होते, पुढेमागे, पुढेमागे. रायफल गप्प राहिली. बोट थरथरत राहिले आणि रायफल गप्प राहिली. मग आर्वोने खांदा नीट टेकवला, ठरवून बोट मागे ओढले, आणि तेव्हाच बार झाला.

उरलेल्या गोळ्याही अशाच सुटल्या, त्याला हव्या तेव्हा.

"छान हलका केलास," तो उठत म्हणाला. "अगदी पिसासारखा."

तिने मॅगझिन काढून घेतले, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल खोळीत घातली.

परतीच्या रस्त्यावर हिम दाट झाले. दोन्ही बाजूंची झाडे पुढे येत आणि आवाज न करता मागे सरत. काचेवरचे वायपर संथपणे फिरत होते.

"आर्वो, मी तो हलका केलेला नाही," हेल्मी म्हणाली. "होता त्याहून जड केलाय."

"ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्याच गोळीला. हात थरथरतात माझे, मेलेले नाहीत."

"मग पिसासारखा काय म्हणालास?"

"इतकं घासून गुळगुळीत केलंस. म्हटलं, कौतुक करावं. नवरा होतो तेव्हा जमलं नाही."

"तेव्हा ऐकून घ्यायला मीही घरात कुठे असायचे!" ती म्हणाली, आणि दोघे थोडेसे हसले.

थोड्या वेळाने आर्वो म्हणाला, "तुझ्याकडे यायच्या आधी दुसऱ्याकडे गेलो होतो. खाली, हमरस्त्यावर नवीन दुकान झालंय ना, त्याच्याकडे. म्हणाला, बसा इथेच, तासाभरात पिसासारखा करून देतो. मी रायफल उचलली आणि बाहेर आलो."

"का? तुला तेच तर हवं होतं."

"कशाला हवाय, एवढं तरी विचारायला नको त्याने?"

"मी तरी कुठे विचारलं?"

"तुला विचारावं लागत नाही."

हेल्मीने रस्त्यावरून नजर काढली नाही. "डॉक्टर काय म्हणाला?"

आर्वोने आजाराचे नाव सांगितले. दोन वाक्यांत, हवामान सांगावे तसे. मग म्हणाला, "रायफल तुझ्याकडेच राहू दे. हंगाम सुरू झाला की तूच घेऊन ये. खोपटात तिघं मावतात. कार्ल फिरत असला की माझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं बरं."

"मी बडबडते. हरणं पळतील."

"पळू देत."

हेल्मीने काही वेळाने वळून पाहिले, तर त्याला झोप लागली होती. डोके काचेला टेकले होते, तोंड किंचित उघडे. हात मांडीवर होते, तळवे वर, बोटे अर्धी मिटलेली. ते हलत नव्हते. गाडी खड्ड्यातून गेली तरी हलले नाहीत. झोपेत हात असे निवतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

आर्वोच्या घराकडे वळणारी वाट समोर आली. हेल्मीने वेग कमी केला, एकदा त्या हातांकडे पाहिले आणि गाडी तशीच पुढे जाऊ दिली, सरोवराच्या कडेकडेने जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने.